पिओनीच्या पानांवर दरवर्षी तेच जांभळे डाग: रोग बुडाच्या खुंटात मुक्काम करतो

पिओनी या थंड हवेतल्या फुलझाडाला फुलं झकास येतात. मेच्या शेवटी, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडाकडे बघून कोणी म्हणणार नाही की याला काही झालंय. फुलं सरतात आणि मग पानांवर तांबडे-जांभळे ठिपके नजरेत भरायला लागतात. जुलैत ठिपके एकमेकांत मिसळतात, ऑगस्टात सगळं झुडूप करपल्यासारखं दिसतं. बर्फ पडतो, सगळं झाकलं जातं. एप्रिलमध्ये लालबुंद कोंब स्वच्छ वर येतात, आपल्याला वाटतं यंदा सुटलो, आणि जूनमध्ये पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग चार वर्षं चाललं. तुमच्याकडेही दोन-तीन वर्षांपासून असंच होत असेल, तर औषधाची बाटली आणण्याआधी एवढं वाचा. माझा बहुतेक खर्च आणि श्रम चुकीच्या महिन्यात झाले होते.

आम्ही मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या जवळ राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात पिओनीचे पाच जुने गड्डे होते. शेजारच्या आजी सांगतात की ते लावून चाळीस वर्षं तरी झाली असतील. पिओनीला जागा मानवली की ती पन्नास वर्षं सहज काढते. इथल्या विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये पिओनीची जुनी बाग आहे, डॉ. डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी १९२२ मध्ये स्वतःच्या संग्रहातली झाडं देऊ केली त्यातून उभी राहिलेली. तिथे जुन्या जाती शेजारी-शेजारी बघायला मिळतात, त्यावरून आमच्या झाडांची नावं लागली. गुलाबी आहे ती सारा बर्नहार्ट, १९०६ ची. पांढरीच्या मधल्या पाकळ्यांवर कुंकवाचे शिंतोडे उडाल्यासारखे लाल ठिपके आहेत, ती फेस्टिव्हा मॅक्सिमा, १८५१ ची. म्हणजे ही जात सत्तावनच्या उठावाच्याही आधीची. असं झाड आपल्या हातात येतं तेव्हा ते आपल्या हातून खराब होऊ नये, एवढीच इच्छा असते.

आधी रोग ओळखा

पिओनीच्या पानांवर डाग पडायची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून एक पान तोडून हातात घ्या आणि दोन्ही बाजूंनी बघा.

माझ्याकडचा रोग असा होता. पानाच्या वरच्या बाजूला गडद जांभळा, चकचकीत डाग. पिकलेलं जांभूळ चिरडून त्याचा रस पानावर वाळावा तसा. तेच पान उलटं केलं की त्याच जागी मळकट तपकिरी रंग, चमक अजिबात नाही. ही वर-खालची तफावत ही मोठी खूण आहे. दुसरी खूण दांड्यावर. दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून खालून वर हात फिरवा. लालसर तपकिरी, लांबट रेघा आणि ठिपके दिसतात, आणि जुन्या दांड्यावर ते बोटाला किंचित उंचवटल्यासारखे लागतात. या दांड्यांवरच्या पुरळामुळेच इथले जुने माळी याला पिओनीचा गोवर म्हणतात. पानावरचे मोठे डाग आणि दांड्यावरचा गोवर हे दोन रोग आहेत असं मी दोन वर्षं समजत होते. रोग एकच, बुरशीही एकच: ग्राफिऑप्सिस क्लोरोसेफाला. जुन्या पुस्तकांत ती क्लॅडोस्पोरियम पिओनी या नावाने सापडेल.

या रोगाने झाड सहसा मरत नाही, हे आधी सांगते, म्हणजे घाबरून कोणी गड्डा उपटून टाकायला नको. पण पानं लवकर गेली तर मुळांत साठा कमी होतो, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की झाड खंगतं. पिओनीचे पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे ज्यातून कोंब फुटतात ते, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जमिनीखाली तयार होत असतात, आणि त्यांना पोसतात ती हीच पानं.

आता जे याच्यासारखं दिसतं पण हे नाही, ते. वसंतात वीतभर वाढलेला कोंब अचानक मान टाकून बुडातून काळा पडला, किंवा वाटाण्याएवढी कळी तपकिरी होऊन तशीच सुकली, आणि ओल्या सकाळी तिच्यावर राखी लव दिसली, तर ती बोट्रायटिस, ही वेगळी बुरशी. थंड, पावसाळी वसंतात ती फार येते, आणि तिथे थांबायचं नसतं: तो कोंब त्याच दिवशी बुडातून कापून पिशवीत घालायचा. ऑगस्टात पानावर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसलं तर ती भुरी, आपल्याकडे द्राक्षावर, वेलभाज्यांवर येते त्याच जातकुळीतली. पानांवर पिवळ्या-हिरव्या कड्या, नकाशासारखी चित्रं दिसली तर विषाणूचा संशय घ्या. त्याला औषध नाही. दांडे काळे चामड्यासारखे झाले आणि जमिनीत पाणी साचत असेल तर फायटोफ्थोरा हा कुजवणारा रोग, तो मात्र गड्ड्यापर्यंत जातो आणि झाड घालवतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं झुडूप एकसारखं तांबूस-पिवळं होत असेल तर तो रोगच नाही, झाड हिवाळ्याच्या तयारीला लागलंय.

मी काय काय केलं आणि ते का फसलं

पहिल्या वर्षी डागाळलेली पानं तोडत बसले. जुलैत तोडली, तरी नवीन डाग दिसतच राहिले, कारण जे आता दिसत होतं त्याची लागण मे महिन्यातच झालेली होती. वर निम्मी पानं तोडून मी झाडाचं जेवण तोडलं.

दुसऱ्या वर्षी दुकानातून बुरशीनाशक आणून जुलैत तीन फवारण्या केल्या. दुकानातल्या माणसाने बाटली दिली, कधी मारायचं ते विचारलं नाही, सांगितलंही नाही. घरगुती वापराची बहुतेक औषधं पानावर थर धरून बीजाणूला आत शिरू देत नाहीत. एकदा बुरशी पानात शिरली की तो थर बाहेर बसून राहतो. पडलेला डाग कुठल्याच औषधाने जात नाही.

तिसऱ्या वर्षी आणखी वाचलं, आणि ऑक्टोबरमध्ये सगळी झुडपं कापून पानं वेचून काढली. या खेपेला खात्री होती. जूनमध्ये डाग आले. थोडे कमी, पण आले.

मी मूळची तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली. डावणी, भुरी, करपा ही रोगांची नावं आमच्या घरात जेवताना ऐकू यायची. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये आप्पांना व्हिडिओवर झाडं दाखवत होते. कोंब नुकते चार बोटं वर आले होते. आप्पांनी फुलांचं काही विचारलंच नाही. म्हणाले, "वरनं नको दावू. बुडाशी दाव." मी फोन खाली धरला. "ती काळी काळी काय हायत गं?" मी सांगितलं, गेल्या वर्षीच्या दांड्यांचे खुंट आहेत, बर्फ वितळल्यावर जागा कळावी म्हणून तीन-चार इंच ठेवलेत. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरड छाटणीची रोगट काडी आपण बागंत ठेवतो व्हय? बांधाभाईर न्हेतो. तू रोगाला अंथरूण घालून दिलंस बघ."

फोन ठेवून मी गुडघ्यावर बसले आणि एक खुंट कापून आणला. बोटभर लांब, वाळून राखाडी झालेला, आणि त्याच्यावर गोवराचे जुने डाग तसेच्या तसे. त्या खुंटापासून नवा कोंब किती लांब होता? अर्धा इंच. काही ठिकाणी तर कोंब खुंटाला टेकूनच वर आला होता. ही बुरशी हिवाळा काढते तो रोगट दांड्यांच्या आणि पानांच्या अवशेषांवर. वसंतात हवा उबदार आणि ओली झाली की त्याच अवशेषांवर बीजाणू धरतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर कोवळ्या कोंबावर जातात. पानं मी वेचली होती, पण सगळ्यात जवळचं, अगदी कोंबाच्या कुशीतलं आगर स्वतःच्या हाताने राखून ठेवलं होतं.

त्या दिवशी पाचही गड्ड्यांतले मिळून सत्तरच्या वर खुंट काढले, छोट्या कात्रीने, कोंबांना धक्का न लावता. दुपार गेली. हे काम एप्रिलमध्ये करायची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका. कोंब फार ठिसूळ असतात, माझे तीन मोडले.

कामाचं वर्ष शरदात सुरू होतं

पहिली कडक थंडी पडून पानं मान टाकतात तेव्हा झुडूप कापायचं. आमच्याकडे हे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं. रोग खूप असेल आणि पानं तपकिरी होऊन गेलीच असतील, तर सप्टेंबरच्या शेवटीही कापता येतं. पण पान निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर धीर धरा.

दांडा जमिनीच्या पातळीला कापा. माती बोटाने थोडी बाजूला करून पातळीच्या किंचित खाली कापलात तर उत्तम. मात्र खाली पुढच्या वर्षीचे गुलाबी डोळे असतात, त्यांना कात्री लागू देऊ नका. जागेची खूण म्हणून खुंट ठेवायचा मोह होतो तो असा टाळा: गड्ड्याच्या कडेला बांबूची काडी रोवा. पुढच्या गड्ड्याकडे जाताना कात्रीची पाती अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. त्यानंतर हाताने, दाताळ्याने नव्हे, गड्ड्याच्या मधल्या फटीतली पानं वेचा. तिथे ओलसर पानांचा जो लगदा अडकलेला असतो तो दाताळ्याला सापडत नाही.

हा पाला घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. अंगणातला ढीग आतून पुरेसा तापत नाही, आणि तेच कंपोस्ट आपण वसंतात परत त्याच झाडांना घालतो. मी कागदी पिशवीत भरून पालापाचोळ्याच्या गाडीला देते.

मार्चच्या शेवटी, बर्फ गेल्यावर आणि कोंब दिसायच्या आधी, एकदा परत खाली वाकून बघा. शरदात नजरेतून सुटलेलं तेव्हा स्पष्ट दिसतं. याच वेळी मी ताज्या, बारीक सालीच्या मल्चचा, म्हणजे आच्छादनाचा, पातळ थर देते, एक इंच. खालच्या अवशेषांवरचा शिंतोडा वर उडू नये म्हणून हा पडदा. इथे जपायचं असं की पिओनीचे डोळे जमिनीखाली एक ते दोन इंचच हवेत. वरून दरवर्षी दोन-तीन इंच मल्च चढवत गेलं की डोळे खोल जातात आणि झाड फुलायचं थांबतं. डाग गेले पण फुलंही गेली, असं व्हायला नको. जुना थर काढून मगच नवा घाला.

पाणी. आमच्या अंगणात हिरवळीसाठी बसवलेले स्प्रिंकलर संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायचे आणि पिओनीचा अर्धा वाफा त्यांच्या टप्प्यात होता. म्हणजे पानं रात्रभर ओली. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. त्या बाजूचं तोंड बंद केलं आणि पाझरणारी नळी जमिनीवरून फिरवली. तासगावात ठिबकशिवाय बाग नसते आणि इथे मी चार वर्षं पानांवर पाणी पडताना बघत होते. पाणी सकाळी, बुडाशी.

हवा खेळती ठेवणं हेही तितकंच महत्त्वाचं. दोन गड्ड्यांत तीन-चार फूट अंतर हवं, दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. आमचे मधले दोन गड्डे वाढून एकमेकांत घुसले होते. मेच्या सुरुवातीला त्यांच्या मधल्या भागातले काही बारीक, कळी नसलेले दांडे मी बुडातून काढते, द्राक्षात विरळणी करतो तशी. जोरदार दांड्यांना हात लावत नाही.

औषध मारायचंच असेल तर

स्वच्छता आणि पाणी सुधारल्यावर बऱ्याच घरी औषध लागणार नाही. सलग ओला वसंत असेल, किंवा मागच्या वर्षी फार रोग असेल, तर मी मारते. पण मग ते कोंब दोन ते चार इंच वर आले की सुरू करायचं आणि लेबलवर दिलेल्या अंतराने, साधारण सात ते चौदा दिवसांनी, कळ्या उमलायच्या आधीपर्यंत चालू ठेवायचं. उमललेल्या फुलांवर नाही. मधमाश्या येतात, आणि पाकळ्यांवरही डाग पडतात. म्हणजे फार तर तीन-चार फवारण्या, त्याही एप्रिल-मेमध्ये.

क्लोरोथॅलोनिल, मँकोझेब आणि ताम्रयुक्त औषधं ही थर धरणारी. थायोफिनेट मिथाईल आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं, आहे, पण तेच ते सतत मारलं की बुरशी दाद देत नाही, म्हणून आलटून-पालटून. इथल्या दुकानात मिळतं तेच औषध दुसऱ्या देशात चालेल असं समजू नका. क्लोरोथॅलोनिल आणि मँकोझेब या दोन्हींची मान्यता युरोपीय संघाने काढून घेतली आहे. आपल्या देशातल्या लेबलवर शोभेच्या झाडांसाठी परवानगी लिहिलेली आहे ना, ते बघा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आप्पांचा सल्ला अर्थातच बोर्डोचा होता: एक टक्का, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. बोर्डोचा जन्मही द्राक्षबागेतलाच. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींचे घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींवर केवडा, म्हणजे डावणी, कमी आहे हे मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे ठेवलं. मला आप्पांचा शब्द मोडवत नव्हता, पण मिशिगनच्या थंड, ढगाळ एप्रिलमध्ये पान लवकर वाळत नाही, आणि अशा हवेत तांब्याने कोवळी पानं भाजतात. म्हणून मी तांबं टाळते. आप्पांना कारण सांगितलं, त्यांना पटलं.

हे गुलाबालाही लागू पडतं का, असं पुण्याहून नणंदेने विचारलं. तिच्या गच्चीतल्या गुलाबांवर काळे ठिपके येतात, ती बुरशी वेगळी, डिप्लोकार्पन रोझी. पण तीही ओल्या पानावरच वाढते, आणि गळलेल्या पानांतून, रोगट फांद्यांतून परत येते. फरक एवढाच की पुण्यात गुलाबाला बर्फाची झोप मिळत नाही, बारा महिने पान असतं, म्हणून वेचायचं कामही बारा महिने. पिओनी मात्र तिला लावता येणार नाही, डोळे जागे व्हायला कडक थंडीचे काही आठवडे लागतात. भारतात ती पाहायची असेल तर हिमालयात: काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत पिओनिया इमोडी रानात फुलते, पांढरी, एकेरी पाकळ्यांची.

आता स्थिती काय आहे

खुंट काढले त्या वर्षी जूनमध्ये डाग आले, पण खालच्या पानांवर, मोजण्यासारखे. त्याच्या पुढच्या वर्षी पाचपैकी चार गड्डे सप्टेंबरपर्यंत हिरवे राहिले. फवारण्या खुंट काढले त्या वर्षी तीन केल्या, पुढच्या वर्षी एक.

पाचवा गड्डा गॅरेजच्या भिंतीलगत आहे. तिथे सकाळचं ऊन येत नाही, वारा फिरत नाही, दहा वाजेपर्यंत दव वाळत नाही. सगळं केलं तरी त्याच्या पानांवर जुलैत जांभळे डाग दिसतातच. म्हणून गेल्या सप्टेंबरच्या शेवटी तो उचलला. मुळं पाण्याच्या धारेखाली धुतली आणि गड्ड्याचे प्रत्येकी चार-पाच डोळे राहतील असे तीन भाग केले. जिथे आधी कधी पिओनी नव्हती अशा उन्हातल्या जागी ते लावले, डोळ्यांवर दीड इंच माती ठेवून. हलवलेला गड्डा पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं फुलत नाही. यंदा तिन्ही भागांना मिळून अकरा कोंब आले, कळी एकही नाही. जुलै अर्धा सरला, पानं अजून कोरी आहेत.